साखर कारखान्याच्या हरितगृह वायू अहवालात कार्बन रिमूव्हल कोठे आणि कसे दाखवावे?

प्रश्न – खतावणी

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका खासगी साखर कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. कारखान्याला जोडून सहवीजनिर्मिती प्रकल्प आणि डिस्टिलरी आहे. आमची साखर घेणाऱ्या एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीने यंदा प्रथमच आमच्याकडून हरितगृह वायूंचा वार्षिक अहवाल मागवला असून, त्यांनी पाठवलेल्या तक्त्यात स्कोप १ (कारखान्याचे स्वतःचे थेट उत्सर्जन), स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचे) आणि स्कोप ३ (पुरवठा साखळीतील इतरांचे) यांच्या खाली ‘रिमूव्हल’, म्हणजे हवेतून काढून साठवलेला कार्बन, असा एक स्वतंत्र रकाना आहे. तो भरण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आमच्या व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, कारखाना मुळातच कार्बन शोषणारा आहे आणि हिशेब नीट मांडला तर आमचे उत्सर्जन शून्याच्याही खाली जाईल. त्यासाठी त्यांनी मला चार गोष्टी वजा करायला सांगितल्या आहेत. ऊस वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, म्हणून गाळप झालेल्या सगळ्या उसाचे शोषण आपल्या नावावर धरावे. डिस्टिलरीत आंबवण्याच्या टाक्यांतून निघणारा वायू आम्ही पकडतो, शुद्ध करतो आणि शीतपेये व ड्राय आइस बनवणाऱ्यांना विकतो, तोही ‘पकडलेला कार्बन’ म्हणून धरावा. गेल्या पाच वर्षांत सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) निधीतून आसपासच्या गावांच्या गायरानांत ६०,००० झाडे लावली, त्यांचे झाडामागे वर्षाला २२ किलो या दराने १,३२० टन धरावेत आणि कारखान्याच्या आवारातील ४,००० झाडे त्याच दराने त्यात मिळवावीत. शिवाय यंदा शेती विभागाने पाचटापासून (उसाच्या वाळलेल्या पानांपासून) बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजून केलेला कोळसा, करून ऊस उत्पादकांच्या शेतांत टाकण्याचा प्रयोग केला आहे. काट्यावर तो १०० टन भरला, त्याचेही श्रेय घ्यावे.

बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आम्ही वर्षाला सुमारे १ लाख टन जाळतो आणि डिस्टिलरीचे उत्पादन सुमारे १ कोटी लिटर आहे. उदाहरणासाठी हेच आकडे धरावेत.

मला जे खटकते ते लेखापालाच्या भाषेत सांगते. बॉयलरमधून गेलेला धूर हा त्या वर्षाचा खर्च आहे, तो झाला आणि संपला. झाडातला किंवा मातीतला कार्बन ही मात्र शिल्लक आहे, ती उद्या कमी होऊ शकते. नफातोटा पत्रकातील खर्चातून ताळेबंदातील शिल्लक वजा करून उरलेल्या आकड्याला निव्वळ खर्च म्हणणे मला माझ्या शिक्षणानुसार मान्य होत नाही. परंतु या विषयाचे नियम वेगळे असतील तर मला ते समजून घ्यायचे आहेत, कारण व्यवस्थापनासमोर केवळ ‘मला पटत नाही’ असे सांगून चालणार नाही.

उत्तर – पडताळणी

तुम्हाला जे खटकले आहे तेच या विषयाचे मर्म आहे, त्यामुळे ते मुळीच सोडू नका. मी अशा अहवालांची त्रयस्थ पडताळणी करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांपैकी सर्वांत मोठ्या दुरुस्त्या याच एका वजाबाकीतून निघतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जगभरातील कंपन्या जो जीएचजी प्रोटोकॉल वापरतात त्याचे कंपन्यांसाठीचे मानक २००१ मध्ये आले आणि २००४ मध्ये सुधारले गेले. त्यात जैवइंधन जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिन्ही स्कोपच्या बाहेर, स्वतंत्र ओळीत दाखवायला सांगितले होते, पण हवेतून काढून साठवलेल्या कार्बनचा हिशेब कसा ठेवावा याचे पक्के नियम नव्हते. ही पोकळी भरण्यासाठी जमीन क्षेत्र आणि रिमूव्हल यांविषयीचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये खुला झाला. अंतिम मानक जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते १ जानेवारी २०२७ पासून लागू होत आहे. आयएसओ १४०६४-१ च्या २०१८ च्या आवृत्तीतही उत्सर्जन आणि रिमूव्हल हे दोन वेगळे आकडे म्हणूनच मागितले जातात. म्हणजे स्कोप १ चे उत्सर्जन संपूर्ण, काहीही वजा न करता लिहायचे आणि रिमूव्हल असलेच तर ते शेजारी, वेगळ्या ओळीत मांडायचे. तुमच्या ग्राहकाने वेगळा रकाना दिला आहे तो याच कारणासाठी.

आता रिमूव्हल म्हणायचे कशाला? कार्बन हवेतून बाहेर काढला गेला पाहिजे आणि तो कोठे तरी साठून राहिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही आणि तुमच्या चारपैकी पहिल्या दोन बाबी दुसऱ्या अटीवरच अडतात.

ऊस हवेतून कार्बन घेतो हे खरेच आहे. पण त्याची साखर खाल्ली जाते, बगॅस बॉयलरमध्ये जळतो, मळीपासून अल्कोहोल बनून तेही जळते आणि शेतातले पाचट कुजते. आज घेतलेला कार्बन वर्ष-दीड वर्षात हवेत परत जातो, म्हणून हंगामी पिकाच्या वाढीला साठा मानले जात नाही. बगॅसच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड स्कोप १ मध्ये धरावा लागत नाही ही सवलत याच वाढीच्या आधारावर मिळालेली आहे. तीच वाढ पुन्हा रिमूव्हल म्हणून दाखवली तर एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलल्यासारखे होईल.

ही सवलतही संपूर्ण धुराला नाही, आणि साखर उद्योगातील अहवालांत ही चूक मला सर्रास दिसते. बगॅस जळताना थोडा मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइड निघतो आणि हे दोन्ही वायू स्कोप १ मध्येच येतात. तुमचा ओला बगॅस टनामागे ७.५ गिगाज्यूल उष्णता देतो असे धरले, तर १ लाख टनांचे ७५० टेराज्यूल होतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या सर्वसाधारण गुणकांनुसार दर टेराज्यूलला ३० किलो मिथेन आणि ४ किलो नायट्रस ऑक्साइड धरतात, म्हणजे २२.५ टन मिथेन आणि ३ टन नायट्रस ऑक्साइड. तिच्याच पाचव्या मूल्यांकन अहवालातील २८ आणि २६५ या तापमानवाढ गुणकांनी गुणल्यास ६३० अधिक ७९५, म्हणजे १,४२५ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन तुमच्या स्कोप १ मध्ये आलेच पाहिजे. त्याच बगॅसचा जैविक कार्बन डायऑक्साइड सुमारे ७५,००० टन होतो, तो स्कोपच्या बाहेरच्या ओळीत लिहावा. हा मोठा आकडा पाहून व्यवस्थापन घाबरेल, पण तो लपवू नये. साखर कारखान्याच्या अहवालात तो नसेल तर वाचणाऱ्याला शंका येते.

डिस्टिलरीची बाब मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तेथे तुमची यंत्रणा वायू खरोखरच पकडते. आंबवताना इथेनॉलच्या प्रत्येक ४६ भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग निघतात. त्यामुळे १ कोटी लिटर, म्हणजे सुमारे ७,८९० टन इथेनॉलमागे साधारण ७,५०० टन वायू निघतो आणि तो जवळजवळ शुद्ध असतो. परंतु तो शीतपेयाच्या बाटलीत गेला, तर झाकण उघडताक्षणी हवेत जातो. ड्राय आइस तर काही दिवसांतच विरून जातो. पकडणे झाले, साठवणे झाले नाही, त्यामुळे हा वायू रिमूव्हल नाही. याउलट अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डेकेटर येथे मक्याच्या इथेनॉल कारखान्यातील असाच वायू २०११ ते २०१४ या काळात सुमारे दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात सोडून जवळजवळ १० लाख टन साठवला गेला. तो रिमूव्हलच्या व्याख्येत बसू शकतो, पण त्यासाठी निरीक्षण विहिरी, दाबाच्या नोंदी आणि अनेक वर्षांची जबाबदारी घ्यावी लागते. तुमचा वायू घेणारा उद्योग त्याच्या जागी खनिज इंधनापासून मिळालेला वायू घेणे थांबवत असेल, तर त्याला टाळलेले उत्सर्जन म्हणता येईल आणि त्याविषयी निवेदनात लिहिता येईल. ग्रीडला विकलेल्या विजेलाही हेच लागू आहे.

सीएसआर वृक्षारोपणाबाबत स्पष्ट सांगतो. गायरानाची जमीन कंपनीच्या ताब्यात नाही आणि तेथून कंपनीला कच्चा मालही येत नाही. ती जागा तुमच्या पुरवठा साखळीत बसत नाही, म्हणून तेथील झाडांतला कार्बन तुमच्या स्कोप १ मध्ये येत नाही आणि स्कोप ३ मध्येही येत नाही. दुसरी बाजू कंपनी कायद्याची आहे. कलम १३५ खालील नियमांनुसार सीएसआर उपक्रमातून उरलेली शिल्लक कंपनीच्या व्यवसायाच्या नफ्यात धरता येत नाही आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा खर्चातून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. हे नियम कार्बनच्या हिशेबासाठी लिहिलेले नाहीत, पण जे गावाला दिले आहे ते स्वतःच्या खात्यात परत ओढू नये हा विचार तेथेही आहे आणि येथेही. झाडे लावली, ती जगवली, ही चांगली गोष्ट आहे. ती अहवालाच्या वर्णनात, जगलेल्या झाडांच्या खऱ्या संख्येसह अवश्य यावी. तक्त्यात मात्र नको.

झाडांच्या मोजणीविषयी आणि बायोचारविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत, त्यांनी लिहावे.

उत्तर – वेढा आणि उंची

आवारातील ४,००० झाडांविषयी लिहितो, कारण झाडांची मोजणी हेच माझे काम आहे.

झाडामागे २२ किलो हा आकडा सर्वत्र फिरतो, पण तो कोणत्या जातीचा, कोणत्या वयाचा आणि कोणत्या पावसाचा, हे कोणी सांगत नाही. मिरज-तासगावच्या कोरड्या पट्ट्यातील तीन वर्षांचा कडुनिंब आणि कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला पंधरा वर्षांचा निलगिरी यांना एकच आकडा लावणे म्हणजे मोजणी न करणेच होय. रिमूव्हल ही साठ्यातील वाढ असते. दोन तारखांना साठा मोजायचा आणि त्यांतील फरक काढायचा, एवढीच पद्धत आहे. एकाच तारखेची मोजणी तुम्हाला साठा सांगते, वाढ सांगत नाही.

प्रत्यक्षात काम असे चालते. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, खोडावर ऑइलपेंटचा एक पट्टा मारायचा आणि झाडाला क्रमांकाची पत्र्याची पट्टी सैल तारेने बांधायची. पट्ट्यावरूनच फीत गुंडाळून वेढा मोजायचा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला तरी त्याच जागी मोजेल. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूने मोजायचे. १.३७ मीटरच्या खालीच फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळे मोजायचे. वेढ्यावरून त्या जातीच्या समीकरणाने कोरडे वजन काढायचे, मुळांसाठी एक गुणोत्तर मिळवायचे, कोरड्या वजनाचा ०.४७ भाग कार्बन धरायचा आणि त्याला ४४ भागिले १२ ने गुणायचे.

एक उदाहरण देतो. एका झाडाचे जमिनीवरचे कोरडे वजन मागच्या वर्षी १०० किलो होते, यंदा १०८ किलो झाले. मुळांसाठी चौथा भाग धरला तर एकूण वाढ १० किलोंची, तिच्यात कार्बन ४.७ किलो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड सुमारे १७ किलो. मागच्या वर्षीचा साठा अहवालात आधी कधीच धरला नव्हता म्हणून तो सगळा यंदाच्या वाढीत ओढणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्या आहेत. तसे केले तर हेच झाड एका वर्षात सुमारे २३३ किलो शोषून घेते असे दिसेल.

माझ्या वाट्याला आलेला एक प्रसंग सांगावासा वाटतो. पुणे परिसरातील एका औद्योगिक आवारात मला दुसऱ्या वर्षीच्या मोजणीसाठी बोलावले होते. पहिल्या वर्षीच्या यादीत १,१४० झाडे होती. आम्हाला प्रत्यक्षात ९९६ सापडली. ट्रकसाठी रस्ता रुंद करताना आणि विजेच्या तारांखालची जागा मोकळी करताना उरलेली तोडली गेली होती, पण बागकाम विभागाने ती नोंद पर्यावरण विभागाला कधी दिलीच नव्हती. जिवंत झाडांची वाढ तेवढी कागदावर चढत होती. शेवटी तोडलेल्या झाडांतला साठा त्या वर्षाचे उत्सर्जन म्हणून दाखवावा लागला आणि ते वर्ष एकूण तोट्यात गेले. तो अहवाल ज्या तरुण अधिकाऱ्याने केला होता त्याला बिचाऱ्याला तोडीची कल्पनाही नव्हती. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, आवारातले एकही झाड तोडायचे असेल तर त्याची माहिती तुमच्या विभागाला मिळालीच पाहिजे, अशी लेखी पद्धत आधी बसवा आणि मगच रिमूव्हलचा आकडा छापा.

खतावणी

दोघांचेही मनापासून आभार. बगॅसमधील मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड आमच्या मसुद्यात खरोखरच नव्हते, ते आजच घातले. आवारातील झाडांचा कोणताही जुना वेढा आमच्याकडे नाही, लागवडीची बिले तेवढी आहेत.

बायोचारविषयी अजून मार्गदर्शन हवे आहे. शेती विभागाने १०० टनांना कार्बनचे प्रमाण ६० टक्के आणि ४४ भागिले १२ लावून २२० टन असा आकडा दिला आहे. तो साठा शेकडो वर्षे टिकतो असे ते म्हणतात. तो स्कोप १ मध्ये जाईल का?

उत्तर – पाचटवाला

मी कृषी पदवीधर आहे आणि गेली काही वर्षे बायोचारवरच काम करतो. चारही बाबींत खऱ्या रिमूव्हलच्या सर्वांत जवळ जाणारी बाब हीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. २२० टन हा आकडा मात्र टिकणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे काटा. बायोचार भट्टीतून काढला की तो पुन्हा पेटू नये म्हणून त्याच्यावर पाणी मारतात. ट्रॉली काट्यावर येते तेव्हा बायोचारबरोबर त्या पाण्याचेही वजन भरते. प्रत्येक ढिगातून नमुना घेऊन तो ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढला नसेल, तर काट्याची पावती ही पाण्याचीही पावती असते. ओलावा ३० टक्के निघाला असे धरू. मग कोरडा माल ७० टन राहतो आणि प्रयोगशाळेने कोरड्या मालात सेंद्रिय कार्बन ६० टक्के सांगितला असेल तर कार्बन ४२ टन होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टिकाऊपणा. तो भट्टीच्या तापमानावर अवलंबून असतो. आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत शंभर वर्षांनंतर उरणाऱ्या कार्बनचा वाटा दिला आहे. तापमान ६०० अंशांच्या वर असेल तर ०.८९, ४५० ते ६०० अंशांत ०.८० आणि ३५० ते ४५० अंशांत ०.६५. तुमची भट्टी मधल्या टप्प्यात चालली असेल तर ४२ टनांचे ३३.६ टन आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड सुमारे १२३ टन. पण हे ‘असेल तर’ सिद्ध करायला तापमानाची नोंद लागते. मातीच्या खड्ड्यात किंवा पत्र्याच्या उघड्या पिंपात केलेल्या बायोचारची अशी नोंद बहुधा नसते. नोंद नसेल तर प्रयोगशाळेतून हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांचे अणुगुणोत्तर काढून घ्या. ते ०.७ पेक्षा जास्त आले तर तो माल नीट जळलेला नाही, अर्धाकच्चा कोळसा आहे, आणि त्याच्यावर कोणताही दावा करू नये. उघड्या भट्टीत धूर जास्त असेल तर मिथेनही जातो. भट्टी तुमच्या ताब्यात असेल तर तो मिथेन, ट्रॅक्टरचे डिझेल आणि दळणाची वीज हे सगळे स्कोप १ आणि २ मध्ये लिहा. १२३ मधून वजा करून मोकळे होऊ नका.

तिसऱ्या गोष्टीविषयी शेती विभागाशी बोलताना तुम्हाला वाद घालावा लागेल. पाचट शेतातच कुट्टी करून सरीत ठेवले तर मातीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, हे आपल्याकडचे शेतकरी आता अनुभवाने सांगतात. तेच पाचट उचलून भट्टीत घातले, तर त्या शेतातल्या मातीला मिळणारा कार्बन थांबतो. ते पाचट आधी पेटवून दिले जात होते की कुजवले जात होते, यावर तुमचा हिशेब फिरतो. जाळणाऱ्याच्या शेतातले पाचट आणले असेल तर चांगलेच, पण न जाळणाऱ्याच्या शेतातले आणले असेल तर मातीतली घटही तुम्हालाच दाखवावी लागेल. मी दुसऱ्या जिल्ह्यातील एका प्रयोगात नेमके हेच पाहिले. पाचट सर्वांत सहज मिळते ते सरीत नीट रचून ठेवणाऱ्या, म्हणजे ते न जाळणाऱ्या शेतकऱ्याकडूनच.

स्कोपविषयी. जमीन शेतकऱ्याची आहे, माल शेतकऱ्याच्या मातीत आहे, म्हणून हा स्कोप ३ चा विषय आहे, स्कोप १ चा नाही. तेथेही मागोवा हवा. कोणत्या गट क्रमांकात, किती क्षेत्रावर, कोणत्या तारखेला, किती कोरडा माल टाकला आणि त्या शेताची ऊस नोंद तुमच्याच कारखान्याकडे आहे का, एवढे तरी लिहून ठेवले पाहिजे. आपल्याकडे शेतकरी यंदा तुमच्याकडे आणि पुढच्या वर्षी दर बरा मिळाला की शेजारच्या कारखान्याकडे ऊस घालतो, तो त्याचा हक्कच आहे. पण शेत तुमच्या पुरवठ्यात राहिले नाही तर त्या साठ्यावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न उभा राहतो. निरीक्षण थांबले की आधी मोजलेला साठा गमावला असे धरण्याची या मानकांची शिस्त आहे. बायोचार मातीतून पटकन जात नाही, म्हणून त्याचे बरे आहे. मातीतल्या साध्या कर्बाचे मात्र तसे नाही, एका खोल नांगरटीने आणि दोन हंगामांच्या दुर्लक्षाने तो उतरतो. त्याच्यावर दावा करण्याची घाई करू नका.

आणि शेवटी एक गोष्ट विचारून घ्या. या बायोचारचे कार्बन क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या टनांचे विकता येणारे प्रमाणपत्र, कोणाला विकण्याची बोलणी चालू आहेत का? विकले असेल तर ते टन तुमचे राहिले नाहीत. एकच टन तुमच्या अहवालात आणि विकत घेणाऱ्याच्याही अहवालात असू शकत नाही.

उत्तर – रॉटरडॅमकर

मी नेदरलँड्समध्ये एका खाद्यपदार्थ उद्योगाच्या खरेदी विभागात आहे, म्हणजे तुमच्या त्या ग्राहकाच्या बाजूला बसणारी. येथून तो तक्ता कसा दिसतो, एवढेच सांगते.

आमच्यासाठी तुमची साखर म्हणजे आमचा स्कोप ३. जून २०२३ मध्ये आलेल्या आयएफआरएस एस-२ या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय प्रकटीकरण मानकात कंपनीने उत्सर्जन काहीही वजा न करता सांगायचे असते. युरोपच्या शाश्वतता अहवाल मानकांत तर रिमूव्हल आणि कार्बन क्रेडिट यांच्यासाठी ई-१ या हवामानविषयक भागात स्वतंत्र प्रकटीकरणच आहे. त्यामुळे तुम्ही वजाबाकी करून ‘निव्वळ ऋण’ असा एकच आकडा पाठवला, तर तो आम्हाला वापरताच येत नाही. आमच्या लेखापरीक्षकांसमोर तो उलगडावा लागतो, आणि उलगडता आला नाही तर आम्ही तुमचा आकडा बाजूला ठेवून साखरेचा एखादा सरासरी गुणक लावतो. तो बहुतेक वेळा तुमच्या खऱ्या कामगिरीपेक्षा वाईट असतो. चांगले काम करणाऱ्या कारखान्याचे असे नुकसान झालेले मला पाहवत नाही.

उद्दिष्टांच्या बाजूनेही पाहा. कंपन्यांची हवामान उद्दिष्टे तपासणाऱ्या एसबीटीआय या संस्थेच्या २०२१ च्या नेट-झिरो मानकानुसार आधी उत्सर्जनच सुमारे ९० टक्के घटवायचे असते आणि उरलेल्या भागापुरतेच कायमस्वरूपी रिमूव्हल चालते. शेती आणि जमिनीशी संबंधित उद्दिष्टांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये जी वेगळी पद्धत आली तिच्यात जमिनीवरचे रिमूव्हल धरता येते, पण स्वतःच्या किंवा पुरवठा साखळीतल्या जमिनीवरचेच. तुमच्या गायरानातली झाडे आम्हाला तेथेही धरता येणार नाहीत. ऊस उत्पादकाच्या शेतातला बायोचार मात्र पुरावा असेल तर धरता येईल, म्हणून त्या १२३ टनांच्या कागदपत्रांवर मेहनत घ्यावी असे मला वाटते.

टिकाऊपणाची वर्गवारी युरोपने कायद्यातच केली आहे. २०२४ च्या ३०१२ क्रमांकाच्या नियमावलीत अनेक शतके टिकणारे कायमचे रिमूव्हल, उत्पादनांत किमान ३५ वर्षे राहणारा साठा आणि किमान पाच वर्षांचे कार्बन शेतीचे काम असे वेगवेगळे गट आहेत. ही नियमावली तुमच्यावर बंधनकारक नाही. तरीही प्रत्येक आकड्यासमोर तो किती काळासाठी आहे हे लिहिलेत, तर वाचणाऱ्याला फार मदत होईल.

खतावणी

कालच्या बैठकीत मी तक्ता नव्याने मांडला. बगॅसचे १,४२५ टन स्कोप १ मध्ये घेतले, त्यात डिझेल आणि बाकीच्या बाबी मिळवल्या. बगॅस आणि डिस्टिलरीचा जैविक कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बाहेरच्या ओळीत गेला. गायरानातली झाडे निवेदनात गेली आणि त्यांची जगलेली संख्या मोजून आणायला दोन माणसे नेमली आहेत. बायोचारची भट्टी पिंपाचीच होती आणि तापमानाची नोंद नाही, हे शेती अधिकाऱ्यांनी प्रांजळपणे सांगितले. नमुने प्रयोगशाळेत पाठवले असून अहवाल येईपर्यंत तो आकडा लिहायचा नाही असे ठरले. व्यवस्थापनाला हे आनंदाने मान्य झाले नाही, पण ग्राहक आपला आकडा बाजूला ठेवू शकतो हा मुद्दा त्यांना पटला.

आता रिमूव्हलच्या रकान्यात यंदा काहीच उरत नाही. तेथे ‘लागू नाही’ लिहावे का?

पडताळणी

‘लागू नाही’ लिहू नका, कारण ते तुम्हाला लागू आहे. शून्य लिहा आणि त्याखाली टीप द्या की, आवारातील झाडांची आधारमोजणी या वर्षी सुरू झाली आहे. मोजणीची तारीख, झाडांची संख्या, वापरलेली समीकरणे आणि मोजणाऱ्यांची नोंद त्यात घाला. बायोचारसाठी कोरडे वजन निश्चित व्हायचे आहे आणि प्रयोगशाळेची तपासणी चालू आहे, असे लिहा. पुढच्या वर्षी मी किंवा दुसरा कोणी पडताळणीला आलो, तर प्रथम हीच टीप मागू आणि ते पट्टे मारलेले पहिले झाड दाखवा असे सांगू.

वेढा आणि उंची

पट्टे मारताना पिवळा किंवा पांढरा रंग घ्या, लाल घेऊ नका. लाल खूण पाहिली की ते झाड तोडीसाठी नेमले आहे असे कंत्राटदाराचे लोक समजतात.